साळवे मॅडमची दुसरी खेप

साळवे मॅडम पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा नमस्कार करायच्या आधी त्यांनी संपादकांच्या केबिनचा पडदा उलटा करून पाहिला. दोन बोटांत धरून कापडाची पाठ बघितली, नखानं एक धागा उचकटला आणि विचारलं, "हातमागाचा म्हणून घेतलात का?"

साहेब जरा अभिमानानंच म्हणाले, "हो, प्रदर्शनातून घेतलाय."

"फसवलं तुम्हाला," असं म्हणून मॅडम खुर्चीवर बसल्या आणि मग नमस्कार केला.

मला ही बाई तिथंच संशयास्पद वाटली. तसं मला बरंच काही संशयास्पद वाटतं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत वीस-बावीस वर्षं उपसंपादकी केली की माणूस लग्नाची पत्रिकासुद्धा मजकूर तपासल्यासारखी वाचतो. त्यातून ही बाई म्हणजे अगदीच वेगळं प्रकरण होतं. वय साठीच्या पुढचं, केस पांढरे आणि मानेपर्यंत कापलेले, कानात चांदीची ठसठशीत फुलं, करड्या रंगाची सुती साडी आणि वर हिमरूचं, म्हणजे इथल्या जुन्या वेलबुट्टीदार विणीच्या कापडाचं, बिनबाह्यांचं जाकीट. बँकेतून निवृत्त झालेल्या, ज्योतीनगरमध्ये एकट्या राहणाऱ्या. त्यांना आमच्या रविवारच्या पुरवणीत सदर लिहायचं होतं. शहरात आणि आसपास हिंडून त्यांना जे जे छान सापडतं, मग ते कापड असो, अत्तर असो, एखादं पार्लर असो की राहायला बरं असं एखादं शेतघर, त्याबद्दल लिहायचं. सदराचं नावही त्या ठरवूनच आल्या होत्या, 'हाती लागलेलं'.

साहेबांना कल्पना आवडली. मला त्यात पाणी मुरतंय असं वाटलं. दुकानांबद्दल चांगलं लिहिणारा माणूस दुकानदाराकडून काहीच घेत नाही, हे मी अजून पाहिलेलं नव्हतं.

पण बाईंचं लिहिणं लोकांना आवडायला लागलं. रविवारी सकाळी फोन यायचे, ते दुकान नेमकं कुठल्या गल्लीत, विचारणारे. एकदा त्यांनी बजाजनगरमधल्या एका खोलीतल्या पार्लरबद्दल लिहिलं. संगीता नावाची बाई ते चालवायची आणि तिच्या पार्लरच्या वेळा कंपन्यांच्या पाळ्यांवर ठरलेल्या होत्या. पहिली पाळी सुटली की बायका डबा हातात घेऊन रांगेत, दुसरी पाळी लागायच्या आधी आणखी एक रांग. भुवया कोराव्यात तर हिनंच, असं मॅडमनी लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात निराला बाजाराकडच्या गाड्या बजाजनगरच्या त्या बोळात शिरल्या. संगीतानं त्या गाडीवाल्या बायकांना सांगितलं म्हणे, "ताई, पाळीवाल्यांचं होऊ द्या आधी. त्यांचा हजेरीचा पंच चुकतो."

हे वाक्य मॅडमनी पुढच्या लेखात जसंच्या तसं छापायला दिलं. मी विचारलं, "हे तुम्ही तिच्या तोंडी घातलंय ना?"

"तुम्हाला का वाटलं?"

"फारच बरं वाक्य आहे."

"पाथ्रीकर," त्या म्हणाल्या, "बऱ्या वाक्यावर तुमचा एवढा राग का हो?"

त्यांची काम करायची एक पद्धत होती. लेखांतून ती अधूनमधून डोकवायची आणि वाचकांना त्याचं फार कौतुक. कुठल्याही ठिकाणी तीन खेपा केल्याशिवाय त्या एक अक्षर लिहीत नसत. पहिली खेप चांगले कपडे घालून. दुसरी खेप आईचं जुनं, विटलेलं सुती पातळ नेसून, डोक्यावर पदर आणि हातात कापडी पिशवी घेऊन. तीच वस्तू मागायची, तेच प्रश्न विचारायचे, आणि दुकानदार काय करतो ते बघायचं. तिसरी खेप महिन्यानं, घेतलेली वस्तू वापरून, धुऊन, काहीतरी तक्रार घेऊन. तिन्ही खेपांत दुकान सारखंच वागलं तर त्याचं नाव छापायचं.

ही दुसरी खेप म्हणजे लेखिकेचं तिखटमीठ आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. ही बाई विटकं पातळ नेसून गुलमंडीत फिरते? जिला रिक्षात बसताना साडीची निरी मोडलेली चालत नाही ती? मी एकदोनदा म्हटलं, मला न्या की दुसऱ्या खेपेला. त्या म्हणाल्या, "तुमचा चेहराच शिकलेला आहे. सगळं बिघडवाल." मी मनात म्हटलं, आलं लक्षात.

खुलताबादला मात्र मला त्यांनी पहिल्या खेपेला नेलं. पुरवणीला फोटो हवे होते आणि फोटोग्राफर रजेवर होता. मध्यवर्ती बसस्टँडवरून एसटीनं गेलो. दर्ग्याच्या वाटेवर एक अत्तरवाले चाचा बसायचे, लाकडी पेटीत बारक्या कुप्या लावून. त्यांनी समोरच्या रांगेतली कुपी उघडली तशी मॅडमनी मान हलवली आणि पेटीच्या खालच्या कप्प्याकडे बोट केलं. चाचा हसले.

"मॅडम, भरोसा नै क्या हमपे?"

"तुमपे है चाचा. सामनेवाली शीशी पे नै."

खालच्या कप्प्यातून खसाचं अत्तर निघालं. त्यांनी ते डाव्या मनगटाला लावलं, उजव्याला दुसरं, आणि काहीच न घेता उठल्या. मी म्हटलं, आता निर्णय घ्या की. तर म्हणाल्या की अत्तर आत्ता गोडच बोलणार, उद्या सकाळी अंघोळीच्या आधी मनगट हुंगून बघेन आणि तेव्हाही काही शिल्लक असेल तर परवा येईन. परवा त्या खरंच गेल्या. एका कुपीसाठी दोनदा एसटीचा घाट.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला आईनं घेतलेल्या एका साडीची गोष्ट सांगितली. मी काही विचारलं नव्हतं. मी फक्त म्हटलं होतं की तुम्ही प्रत्येक कापड उलटं का करता, समोरच्याला अपमान वाटतो.

मॅडम वाढल्या फुलंब्रीजवळच्या एका गावातल्या बौद्ध वस्तीत. वडील लवकर गेले, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, खुरपायला जायची. थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आई दोघी मुलींना घेऊन बाजाराच्या दिवशी कापडाच्या दुकानात गेली. दुकानदारानं त्यांना पायरीच्या खाली उभं केलं. साड्या गठ्ठ्यात, घडी घातलेल्या. आईनं हिरवी दाखवा म्हटलं, त्यानं लांबूनच घडी दाखवली.

"माय म्हणली, दादा, जरा उलगडून दावता का," मॅडम सांगत होत्या. बोलता बोलता त्यांची शहरातली भाषा कधी गळून पडली ते त्यांनाही कळलं नसावं. "तर तो म्हणला, तुमच्यापुढं उलगडली तर मागनं कोन घील? घ्यायची तर घडीच घ्या. मायनं घडी घेतली. घरी येऊन उलगडली तर मधोमध एवढं भोक. उंदरानं खाल्ल्यालं. लग्नात ते भोक निऱ्यात दाबलं. आक्का दिवसभर निऱ्या धरून बसली, लई फोटो न्हवते त्या काळात, पर हायेत त्यात ती निऱ्याच धरून हाय."

मी म्हटलं, "वाईट झालं."

"वाईट नाय वो. तेव्हापासनं मी कापड उलगडून घेती, एवढंच." मग त्यांनी पर्समधून आरसा काढला, वाऱ्यानं विस्कटलेले केस सारखे केले आणि पुन्हा साळवे मॅडम झाल्या.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली. ती दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी त्या ऑफिसात नवं जाकीट घालून आल्या आणि माझ्या डोक्यातला किडा पुन्हा वळवळायला लागला. निळं जाकीट, मग डाळिंबी, मग काळ्यावर सोनेरी वेलाचं, मग मोतिया, मग गर्द हिरवं, आणि आता हे जांभळं. मी डायरीच्या मागच्या पानावर टिपण ठेवत होतो, सहा जाकिटं. अस्सल हिमरूची सहा जाकिटं निवृत्त बाईकडे येतात कुठून? जुन्या शहरात हातमागवाल्याचं एकच घर त्यांच्या लेखांत पुन्हा पुन्हा यायचं. हे मी साहेबांना एकदा सहज म्हणून सुचवलं. सहज म्हणजे पुरेसा विचार करून.

त्याच सुमारास कॅनॉटमधल्या एका मोठ्या वस्त्रदालनानं हिमरू-पैठणी प्रदर्शन भरवलं. दालनाचं नाव लिहीत नाही. पुरवणीचं शेवटचं पान वर्षभर त्यांच्या जाहिरातीचं असायचं, म्हणून आमचं वर्तमानपत्र प्रदर्शनाचं सहयोगी होतं आणि पुरवणीतर्फे दोन्ही दिवस दारात उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. छातीला बिल्ला, हातात निमंत्रितांची यादी. दालनाच्या शेठनी बजावलं होतं, "पाथ्रीकर साहेब, गर्दी नको. बघ्यांना आत सोडू नका."

पहिल्या दिवशी सकाळी साळवे मॅडम आल्या. मोतिया जाकीट, चांदीची फुलं. गुलाबपाणी शिंपडलं गेलं, सरबत आलं, शेठ स्वतः पुढे आले आणि चार शाली या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडल्या गेल्या. मॅडमनी प्रत्येकीची पाठ पाहिली. दोन शालींवर त्या थांबल्या, दोन सरकवून दिल्या. शेठच्या कपाळावर आठी पडली ती मला दारातूनसुद्धा दिसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या वेळी, दाराशी एक म्हातारी बाई आली. विटलेलं पातळ, कपाळापर्यंत ओढलेला पदर, खांद्याला कापडी पिशवी. मी यादीत डोकं घालून उभा होतो.

"भाऊ, कापड बघायचं व्हतं जरा."

"मावशी, इथनं नाही. मागच्या बाजूला जा. भांडी घासायच्या बायका तिकडून जातात."

"भांडी नाय वो. कापड बघायचंय."

"बघायचंय का घ्यायचंय?"

"उलगडून दावलं तर घीन की."

मला हसू आलं. हसलो, आणि हात आडवा धरला. दाराच्या चौकटीला तळवा टेकवून, असा. वर म्हणालो, "मावशी, हे तुमचं काम नाही. चला, वाट मोकळी करा." तिच्या मागे दोन निमंत्रित बाया उभ्या होत्या, त्याही हसल्या. त्याच वेळी मला खसाच्या अत्तराचा वास आला आणि मी मान उंचावून पाहिलं, कोण मोठं माणूस आलं म्हणून. म्हातारी माझ्या आडव्या हाताकडे थोडा वेळ बघत राहिली. मग वळली आणि गेली. मी त्या दोन बायांना नावं विचारली आणि आत सोडलं.

गुरुवारी मॅडमचा मजकूर आला. प्रदर्शन दोनच दिवसांचं, त्यामुळे तिसऱ्या खेपेला वाव नव्हता. नेहमीप्रमाणे तो मीच उघडला. निम्म्या शाली यंत्रमागाच्या आहेत आणि हातमागाच्या चिठ्ठीखाली ठेवल्या आहेत, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं. त्याखाली होतं, 'पहिल्या खेपेला मला गुलाबपाणी शिंपडून आत नेलं. दुसऱ्या खेपेला दारातल्या माणसानं हात आडवा धरला आणि भांडी घासायच्या बायकांची वाट दाखवली. त्यामुळे दुसऱ्या खेपेच्या शाली कशा होत्या ते सांगता येत नाही.'

मी ते तीनदा वाचलं. पहिला विचार आला तो माफीचा नव्हता, हे कबूल करतो. पहिला विचार होता, ओळखलं असेल का? पदर डोळ्यांवर होता, कदाचित नसेल. दुसरा विचार, ही वाक्यं काढून टाकावीत. मी ती निवडलीसुद्धा. पण काढली तर का काढली म्हणून विचारायला त्या येतील, आणि ठेवली तर कुणाचं नाव तर नाहीच. नाव नाही या एका आधारावर मी मजकूर पानाला लावला.

सोमवारी शेठ साहेबांच्या केबिनमध्ये होते. मॅडमनाही बोलावलं होतं. मी फायली घेऊन कपाटाशी उभा राहिलो.

शेठ म्हणाले, शालींचं जाऊ द्या, कापडात मत असतं. पण माझ्या दारात बाईमाणसाचा अपमान झाला हे धादांत खोटं आहे. कुणी केला? नाव सांगा. सांगता येत नसेल तर माफी छापा आणि सदर बंद करा, नाहीतर आमचं शेवटचं पान धरू नका. "आणि ह्या मॅडमना त्या हातमागवाल्याकडून जाकिटं मिळतात, हे तुमच्याच ऑफिसात बोललं जातं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण मॅडमनी पाहिलं. मग त्या उठल्या आणि अंगातलं डाळिंबी जाकीट काढून त्यांनी टेबलावर उलटं केलं. आत अस्तराच्या जागी गर्द हिरवं हिमरू होतं.

"तीन आहेत. दोन्ही बाजूंनी घालते. जुन्या बाजारातल्या फाटक्या रजयांचं चांगलं राहिलेलं कापड आहे, शिंप्याला बोलवा, तो सांगेल. आणखी काय बघायचंय?"

माझी सहाची यादी तिथंच निकालात निघाली. साहेबांना ते अवघड झालं असावं, म्हणून ते घाईनं म्हणाले, "ते राहू द्या मॅडम. मुद्दा दाराचा आहे. पाथ्रीकर, तुम्ही दोन्ही दिवस दारात होता ना? असं कुणाला अडवलेलं पाहिलंत तुम्ही?"

एवढंच बोलायचं होतं, मी होतो साहेब. तीन शब्द. त्या बाईचा शब्द खरा ठरला असता, सदर वाचलं असतं. फार तर शेठ माझ्यावर ओरडले असते. मी त्यांचंच सांगितलेलं ऐकलं होतं, तेही म्हणता आलं असतं.

"मी मधे मधे आत जात होतो साहेब," मी म्हणालो. "तेव्हा दुसरं कुणी असेल तर सांगता येत नाही."

साहेब मॅडमकडे वळले. "तुम्ही ओळखाल का त्याला?"

मॅडम जाकीट पुन्हा अंगात घालत होत्या. एकेक गुंडी त्यांनी नीट लावली. "चेहरा लक्षात नाही," त्या म्हणाल्या.

सदर बंद झालं. रविवारी त्या जागी चौकट आली, 'सदर मजकुरातील प्रसंगाची खातरजमा होऊ शकली नाही, याबद्दल दिलगीर आहोत.' ही ओळ मी लिहिली. दुसरं कोण लिहिणार, पान माझंच होतं.

त्या सोमवारी मी जिन्यात त्यांना गाठलं होतं. "मॅडम, तुम्ही ओळखलं होतंत."

"दारातच ओळखलं व्हतं."

"मग नाव का नाही घेतलंत?"

"नाव घेतलं असतं तर साहेबांनी तुम्हाला इचारलं असतं आणि तुम्ही नाय म्हणला असता. मंग मी एकाच खोलीत दोनदा खोटी पडली असती." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला क्षमा केल्याचा भावही नव्हता. समोरचा कसा वागेल याचा त्यांनी अंदाज बांधला होता आणि तो चुकला नव्हता. त्या कठडा धरून खाली उतरल्या, रिक्षा थांबवली आणि निऱ्या सांभाळून आत बसल्या.

मी किती शरमलो ते सांगून उपयोग नाही. शरम वाटूनसुद्धा मी चार महिने काही केलं नाही. त्यांच्या जागी शब्दकोडं लागलं. फोन येत राहिले, मॅडम का लिहीत नाहीत? मी सांगायचो, त्यांना वेळ नसतो. आणखी एक खोटं, तेही रोजच्या सवयीनं. बजाजनगरची संगीता एकदा चौकशी करायला स्वतः ऑफिसात आली. पहिली पाळी सुटायच्या आत परत जायचं होतं, म्हणून उभ्या उभ्याच बोलली. "मॅडमनं लिवल्यावर माझं लई भलं झालं. त्या खोटं लिवतात असं कुनी म्हनलं तुमच्यात?" मी तिला पाणी दिलं. ती गेल्यावर मात्र मला खुर्चीत बसवेना.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. दारात मी होतो, हात माझा होता. साहेबांनी पेनचं टोपण लावलं. म्हणाले, "आता कशाला उकरता पाथ्रीकर? झालं गेलं. शेठचं पुढच्या वर्षाचंही ठरलंय." मी बाहेर आलो. वाटलं, निदान आपल्याकडून सांगून झालं. छातीवरचं ओझं खरंच थोडं उतरलं. तसाच ज्योतीनगरला गेलो.

मॅडमनी दार उघडलं. घरातल्या साध्या गाऊनवर होत्या, केसांना तेल लावलेलं, चष्मा कपाळावर. मला वाटलं दार लावून घेतील. त्यांनी बसा म्हटलं. पलंगावर कसल्याशा जुन्या दुलईचे तुकडे पसरले होते आणि त्या ते उसवत होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी ते काम चालू ठेवलं.

मी म्हटलं, "मॅडम, मी साहेबांना सांगितलं. सगळं. दारात मीच होतो म्हणून."

कात्री थांबली. "कधी?"

"आज सकाळी."

"कुठं?"

"त्यांच्या केबिनमध्ये."

"अजून कोन होतं?"

"कुणी नाही. आम्ही दोघंच."

"दार लावलेलं?"

मी हो म्हटलं.

त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. चष्मा खाली ओढून माझ्याकडे नीट पाहिलं. "मला तुम्ही सगळ्यांदेखत परत लावलं व्हतं पाथ्रीकर," त्या म्हणाल्या. "मागं दोन बाया हसत व्हत्या." मग उठून आत गेल्या. मला वाटलं आता चहा टाकतील, मग आपण माफी मागू. पाच मिनिटांनी बाहेर आल्या त्या साडी नेसून, केस विंचरून, कानात चांदीची फुलं घालून. त्यांना कुठंतरी जायचं होतं. कुठं ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचा मला हक्क उरला नव्हता. आम्ही बरोबरच जिना उतरलो. फाटकाशी त्यांनी मला आधी बाहेर पडू दिलं, कडी घातली आणि दुसऱ्या दिशेनं चालू लागल्या. ताठ, वेगात, पर्स खांद्याला. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही. त्यानंतर आमची भेट नाही.

माझी पुरवणी हा मजकूर घेणार नाही, म्हणून तो दुसरीकडे पाठवतोय. शेठ वाचतील, साहेब वाचतील, त्या दिवशी हसलेल्या बायाही कदाचित वाचतील. साळवे मॅडमनी प्रदर्शनाबद्दल लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. दारात मी होतो, विलास पाथ्रीकर, उपसंपादक. हात माझा होता.